चांगुनामावशी आणि बिनजमिनीचं पीक

सुमनच्या तोंडात काहीतरी पांढरं होतं आणि ती ते चावत होती, मुठीत अजून अर्धं होतं, आणि ते काय आहे ते मला पक्कं माहीत होतं. कुत्र्याची छत्री. आमच्या गावाला, कराडच्या बाजूला, पावसाळ्यात उकिरड्यावर उगवायची ती, आणि आईनं लहानपणापासून बजावलेलं, नुसता हात लागला तरी राखेनं धुवायचा. आणि इथं माझी पावणेदोन वर्षांची पोर ती खात होती.

मी तिच्या तोंडात बोट घातलं तर ती मलाच चावली. मग मी ओरडले. कशी ओरडले ते आठवत नाही, पण पाच खोल्यांची चाळ बाहेर आली, रस्त्यावरनं दोघं जण सायकली टाकून धावत आले, आणि मी नुसतं एकच म्हणत होते, विष खाल्लं, माझ्या पोरीनं विष खाल्लं.

तेवढ्यात गर्दीतनं चांगुनामावशी आली. आमची घरमालकीण. पन्नाशीची आगरी बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात कोपरापर्यंत ओले. तिनं मला काही म्हणजे काही विचारलं नाही. सुमनची मूठ उघडली, त्यातलं अर्धं काढलं, उलटं करून खालच्या बारीक रेषा बघितल्या, वास घेतला आणि सगळ्यांच्या देखत स्वतःच्या तोंडात टाकलं. चावून, गिळून मग म्हणाली, "माजीच हाय. आता मेलू तं दोगी मरू. पानी दे पोरीला, कच्ची खाल्लीय, प्वाट दुकंल."

ही माझी आणि तिची पहिली खरी भेट. तोवर तीन आठवडे मी तिच्या खोलीत भाड्यानं राहत होते, पण बोलणं म्हणजे पाणी कधी येतं आणि दोरीवर कपडे कुठं घालायचे, एवढंच. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झालेली. वाशीला रेल्वे येणार येणार असं नुसतं म्हणत होते. आमचे हे वाशीजवळ पावणे गावातल्या एका रंगाच्या कंपनीत लागले आणि आमी तिथंच गावात खोली घेतली. मी सातवी पास, तेपण ढकलत. एकवीस वर्षांची होते, आणि मला सगळ्याचीच भीती वाटायची. कंपनीच्या भोंग्याची, खाडीच्या भरतीची, स्टोव्हची. मावशीच्या घरामागं एक कुडाची खोली होती, दार कायम लावलेलं, आणि ती बाई आत जाऊन कुणाशी तरी बोलते असं मी रोज ऐकायचे. त्याची तर फारच भीती. त्या दिवशी ते दार उघडं राहिलं होतं आणि सुमन रांगत आत गेली होती. चालायला येत असूनही घाईत असली की रांगायची ती.

हे आले आणि आमी पोरीला वाशीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं बघितलं, दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाला, आणि मी पदरात बांधून नेलेला तुकडा बघून हसला. धिंगरी अळंबी आहे म्हणाला. रानातली उचलून कधी देऊ नका, पण ही लावलेली दिसतेय, कच्ची मात्र देऊ नका, शिजवून द्या, उलट चांगलं अन्न आहे. सुमनला काही झालं नाही. साधं पोटपण दुखलं नाही.

पण माझं ओरडणं पुढं गेलं होतं. ते सायकलवाले दोघं ह्यांच्याच कंपनीतले. संध्याकाळपर्यंत कँटीनमधे बातमी, म्हातारीच्या अळंबीनं पावणे गावात पोर दगावली. ह्यांनी पोर बरी आहे म्हणून सांगितलं, पण कोण ऐकतंय. आणि त्याच कँटीनसाठी मावशीनं अळंबीच्या पन्नास पिशव्या भरून टांगल्या होत्या.

कँटीनचं असं होतं की दर बुधवारी तिथं मटण व्हायचं, आणि जे खात नाहीत त्यांच्या वाट्याला नुसता बटाटा. त्यावरनं वर्षभर भांडणं. शेवटी कँटीनच्या सावंतशेठनी मावशीला सांगितलं होतं की दर बुधवारी अळंबी आणा, मटणासारखा रस्सा करू, ह्या लोकांची तोंडं बंद होतील. मावशीची ही पहिली मोठी ऑर्डर. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सावंतशेठचा माणूस येऊन नको म्हणून सांगून गेला.

मी दाराआडनं ऐकलं. मावशी भांडली नाही. "बरा," एवढंच म्हणाली, आणि परत कुडाच्या खोलीत गेली.

तिच्यासाठी त्या पिशव्या काय होत्या ते मला नंतर कळलं, तिच्याच तोंडनं. त्यांची भातशेती नव्या शहरासाठी सरकारनं घेतली. नवरा त्याच्या आधीच गेलेला. मुलानं आलेल्या पैशातनं ह्या पाच खोल्या बांधल्या आणि तो नोकरीला लागला, आई आता बसून खा म्हणाला. बसून खाणं तिला जमेना. पहाटे उठून जिथं बांध होता तिथं जायची, तिथं खडी पडलेली, परत यायची. एकदा पनवेलला शेतीचं प्रदर्शन भरलं तर ही गेली. बायका हसल्या, म्हणे तुजा शेत कुठं राहिलाय. तिथं एक साहेब पिशव्या टांगून दाखवत होता, भाताच्या पेंढ्यावर वाढते, ऊन लागत नाही, जमीन लागत नाही. ही गर्दी ढकलत पुढं गेली आणि म्हणाली, "जमीन लागत नाय? परत सांग." साहेबानं परत सांगितलं. हिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग खालीच बसली आणि दोन दिवस त्या मांडवातनं हलली नाही.

हे सगळं सांगताना ती कधी रडली नाही. उलट हसायची. म्हणायची, "त्यांनी भुई नेली गो. पिकवायचा कसा त्या माज्या हातान व्हता, त्यो कसा नेतील?"

ऑर्डर गेली त्या दिवशी दुपारी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. माफी मागायची होती, पण मी नुसती पदराशी चाळा करत होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि साबणाची वडी पुढं केली. "हात धू. कोपरापासना. पाय पन. आन आत बोलायचा नाय, थुका उडतो."

असा माझा तिच्या खोलीत शिरकाव झाला. आत अंधुक, गार, भिंतींना ओली पोती टांगलेली, खाली वाळू पसरून त्यावर पाणी मारलेलं. आणि वरनं काथ्याच्या शिंकाळ्यांत पेंढ्याचे गठ्ठे लोंबत होते, आणि त्या गठ्ठ्यांतनं सगळीकडनं पांढरे-राखाडी कान बाहेर आलेले, एकावर एक, शिंपल्यासारखे. मी दारातच थांबले. मला ते सुंदर वाटलं आणि अंगावर काटापण आला.

मला बोलायची बंदी, पण ती स्वतः बोलायची हं, पदर नाकातोंडावर बांधून. मी रोज ऐकायचे ते हेच. अळंबीशी बोलायची. "तू का गो मागं राह्यलीस? तिचा बघ." प्रत्येक पिशवीला उलटा हात लावून बघायची, आपण पोराचा ताप बघतो तसा. पिशवी गरम लागली की आत काहीतरी सडतंय. हिरवा ठिपका दिसला तर ती पिशवी लगेच उचलून लांब नेऊन पुरायची, आणि परत आंघोळ. एकदा तिची सख्खी नणंद पाय न धुता आत आली तर तिला हाताला धरून बाहेर काढलं होतं. नणंद सहा महिने बोलली नाही. मावशी म्हणाली, "बरा झाला, थुका उडला नाय."

तिनं मला सगळं शिकवलं, पण कधी शिकवते म्हणून नाही, काम सांगून. पेंढा चार बोटं कापायचा. रात्रभर भिजवायचा, सकाळी कडक पाण्यात तासभर ठेवायचा, म्हणजे बाकीचे किडे-बुरशी मरतात. मग निथळायचा. किती निथळायचा, तर मुठीत दाबला की थेंब पडता कामा नये पण तळहात ओला झाला पाहिजे. माझी मूठ तिनं दहा वेळा उघडून बघितली असेल. मग पिशवीत पेंढ्याचा थर, त्यावर बी, परत थर. बी म्हणजे ज्वारीच्या दाण्यावर वाढवलेला पांढरा कापूस, पुण्याहून बाटलीतनं यायचा. तोंड बांधायचं, सुईनं भोकं पाडायची आणि अंधारात ठेवून द्यायचं, पंधरा-वीस दिवस. आत पांढरे धागे पसरत पसरत सगळा पेंढा घट्ट बांधला गेला की पिशवी फाडून काढायची आणि मग उजेड, हवा, दिवसातनं तीनदा पाण्याचा फवारा. तीन-चार दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढं दिसायला लागतं. आणि कडा वळायच्या आत काढायची, मुरगळून, ओढून नाही.

चौथ्या दिवशी तिनं मला दोन भरलेल्या पिशव्या दिल्या. "घे. डोल्यांसमोर वाडव. मंग भ्यायला व्हनार नाय."

मी घेतल्या. खोलीत कोपऱ्यात टांगल्या. सांगितलं तसं सगळं केलं, दिवसातनं दहादा हात लावून ताप बघितला, आणि पिशवी फाडल्यावर अळंबी आली तर काय, नुसते लांब लांब देठ, बोटभर, आणि वर डोकं म्हणजे मुगाच्या दाण्याएवढं. मला वाटलं माझा हातच वाईट. मावशीला बोलावलं. ती दारात आली, एकदा त्या देठांकडं बघितलं, मग खिडकीकडं बघितलं, आणि मग खाटेवर झोपलेल्या सुमनकडं बघितलं.

"खिडकी कवा उगडतंस?"

मी म्हणलं, उघडत नाही. खरंच उघडत नव्हते. पलीकडच्या एका कारखान्याचा संध्याकाळी वास यायचा, डोळे चुरचुरायचे, म्हणून आल्या दिवसापासनं मी खिडक्या लावून फटीत चिंध्या कोंबलेल्या. पोरीला त्रास नको म्हणून.

मावशीनं चिंध्या ओढून काढल्या. खिडकी उघडली, गंजलेली होती, बुक्की मारून उघडली. "हिला हवा नाय मिलाली का असा देट लांब करतंय, हवा शोदतंय. त्या बिचारीन मान तरी लांब केली. पोर काय करील?" मी म्हणलं, पण वास. ती म्हणाली, "वास संद्याकाली येतो. तं संद्याकाली लाव. दिसभर पोरीला कशाला कोंडतंस?"

मग पिशव्यांकडं बघितलं. त्यापण उचलल्या आणि बाहेर नेल्या. अळंबी फार पिकली की पिठासारखी भुकटी उडते, त्यानं खोकला होतो, जिथं माणसं झोपतात तिथं टांगायची नसते, हे तिला माहीत होतं आणि तरी तिनं मला खोलीत दिल्या होत्या. "ही चूक माजी," म्हणाली. तिच्या वयाची बाई माझ्यासारखीला असं म्हणते, मी आधी कधी ऐकलं नव्हतं. सुमनला तेव्हा रोजचा खोकला असायचा. तो दोन आठवड्यांत कमी झाला. खिडकीनं झाला की पिशव्या हलवल्यानं, ते मला सांगता येणार नाही.

तिच्याकडं त्या प्रदर्शनातला एक छापील कागद होता, घड्यांवर फाटलेला. तिला वाचता येत नव्हतं, तर दुपारी माझ्याकडनं वाचून घ्यायची. मी अडखळत वाचायचे, प्रथिने, ब जीवनसत्त्व, लोह, चोथा, चरबी अगदी कमी. डाळीबरोबर खाल्ली तर अजून चांगली. तिला ते सगळं पाठ होतं, मी एखादी ओळ गाळली की लगेच टोकायची. पण कुणाला जास्तीचं सांगायची नाही. शेजारची बाई एकदा म्हणाली, म्हणे ह्यानं साखरेचा आजार बरा होतो ना? मावशी म्हणाली, "औषध पायजे तं डाक्तरकडं जा. हितं भाजी मिलतंय." आणि मी एकदा पावसात बांधाच्या कडेला उगवलेली, अगदी तशीच दिसणारी, उचलून आणली, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. मी म्हणलं, तुमाला ओळखता येते की. "नाय येत," ती म्हणाली. "जी मी पेरली ती मना वलकते. भुईतनं आपसूक आली ती नाय."

तोवर मावशीच्या त्या पन्नास पिशव्यांना दुसरा बहर आला. पहिला तिनं गच्चीवर वाळवून डब्यात भरला होता, कुणी घेत नव्हतं म्हणून. दुसरा बघून ती म्हणाली की वाळवायची नाही. बुधवारी सकाळी तिनं मोठं पातेलं चढवलं. कांदा-खोबरं भाजून वाटलं, तिचा तो लाल मसाला, बटाटा, आणि अळंबी शेवटी. वासानं आख्खी चाळ दारात. मला म्हणाली, झाकण धर आणि चल. मी सुमनला कडेवर घेतलं, तिला कुठं ठेवणार होते, आणि झाकण हातात घेऊन मागनं निघाले. ती पातेलं चुंबळीवर ठेवून पुढं, रस्त्याच्या मधनं, आणि ट्रक मागनं हॉर्न देतायत.

कंपनीच्या गेटवरच्या वॉचमननं तिला अडवलं नाही. माझी खात्री आहे की तो घाबरला.

कँटीनमधे शंभरेक माणसं, हातात ताटं. मटणाची लाईन लांब, बटाट्याची आखूड. मावशीनं पातेलं बटाट्याशेजारी ठेवलं, झाकण मागितलं नाही, उघडंच ठेवलं, आणि पळी घेऊन उभी राहिली. कुणी पुढं येईना. आमचे हे मटणाच्या लाईनीत होते, ते मान खाली घालून ताटाकडं बघत होते. मागनं कुणीतरी बोललं, हीच ती, जिच्यानं पोर दगावली. सावंतशेठ घाईनं आले, वाईट माणूस नव्हते ते, हळू आवाजात म्हणाले, मावशी, लोक नाही खाणार, तुम्ही आधी खाऊन दाखवा तरी. तिनं पळीभर वाढून घेतलं, उभ्यानं खाल्लं, ताट पुसून ठेवलं.

तर एक जण म्हणाला, "म्हातारी दगडपण पचवील. ल्हान पोराचं काय ते सांगा."

आणि मग ते सायकलवाले, दोघंपण तिथंच होते, त्यांनी मला ओळखलं. एकानं बोट केलं, ही बघा तिची आई, पोर वाचली म्हणा, पण विष खाल्लं म्हणून हीच ओरडत होती. शंभर माणसं माझ्याकडं बघायला लागली. माझ्या कडेवर सुमन, तिला काय, ती सगळ्यांना टाटा करत होती.

मावशीचा आवाज मी तेवढा चढलेला त्याच्या आधी ऐकला नव्हता. "पोर मदी आनायची नाय. माजी भाजी हाय, मी खाल्ली. कुनाला नको तं नको." आणि तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पातेल्याच्या कानांना हात घातला.

मला तेव्हा जे दिसलं ते एवढंच, की हे पातेलं परत गेलं तर ती परत पहाटे उठून खडी बघायला जाणार. आणि तिला तिथं पाठवणारी मी. माझं ओरडणं. मी विचार केला असं म्हणता येणार नाही, मी तिथंच फरशीवर मांडी घातली, सुमनला पुढ्यात घेतलं आणि म्हणलं, मावशी, हिला वाढा. थोडं. रस्सा कमी, तिखट लागेल.

मावशी हलली नाही. मीच हात घातला पातेल्यात. बटाट्याचा आणि अळंबीचा घास केला, बारीक, फुंकला. अर्धा सुमनच्या हनुवटीवर गेला. मला माहीत होतं ते काय आहे. मीच पाणी फवारलं होतं, मीच ताप बघितला होता, मीच सकाळी मुरगळून काढली होती. डॉक्टरपण सांगून चुकला होता. आणि तरी आईचं ते राखेनं हात धुणं डोक्यातनं जात नव्हतं.

सुमननं चावलं. तोंड वेडंवाकडं केलं, तिखट लागलं असेल. मग गिळलं आणि आ करून माझ्या बोटाकडं बघत राहिली. मी दुसरा घास दिला. तिसऱ्याला तिनंच पातेल्याकडं हात केला आणि जोरात म्हणाली, "मम."

पहिलं कोण हसलं ते माहीत नाही. पण बटाट्याच्या लाईनीतला एक म्हातारा माळकरी होता, तो पुढं आला, दोनदा विचारलं, ह्यात मांस नाही ना, आणि ताट पुढं केलं. मग दुसरा. मग मटणाच्या लाईनीतनं माणसं सुटायला लागली. सावंतशेठ ओरडतायत, अहो तुमचं मटण तिकडं, आणि ते म्हणतायत, असू दे. मावशी पळीनं ढकलणाऱ्यांच्या हातावर मारत होती, लायनीत ऱ्हावा रं, म्हशी हाव का तुमी. आमचे हे लाईन सोडून आले आणि माझ्याशेजारी फरशीवर बसून जेवले. पाव तासात पातेलं खरवडून झालं, आणि कुणीतरी पावानं तळ पुसून घेतला.

येताना मावशीनं पातेलं डोक्यावर उपडं घातलं होतं टोपीसारखं, आणि रस्त्याच्या मधनंच चालली. ट्रकवाल्यांनी हॉर्न दिला तर हात वर करून त्यांनाच थांबवलं.

त्यानंतर दर बुधवारी तिची अळंबी गेली. दुसरी खोली झाली, तिसरी झाली, चाळीतल्या आमी चार बायका तिच्याकडं कामाला. ती नणंदपण आली, पाय धुऊन.

ह्या दिवाळीच्या आधी ती गेली, उरणकडं, द्रोणागिरीच्या पायथ्याला तिच्या बहिणीकडं. तिकडच्यांच्यापण जमिनी चालल्यात, तिकडच्या बायकांना शिकवायला जाते म्हणाली, इकडचं तुमी बघा. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली. बियांच्या सहा बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर, आणि एकेकीला उलटा हात लावून बघत होती, उन्हानं तापल्या का. सुमन आता दुसरीत आहे, तिनं खिडकीतनं हात घालून मावशीचा पदर धरून ठेवला होता. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तेव्हा मावशीनं मला जवळ बोलावलं.

"त्या दिशी कँटीनान," ती म्हणाली, "मी तुज्या जाग्यावर असती ना, तं पोर दिली नसती. माजी अलंबी मना म्हाईत. तरी नसती दिली."

तिनं सुमनच्या मुठीतनं पदर सोडवला, गाल ओढला, आणि टेम्पो गेला. खाडीच्या रस्त्याला वळेपर्यंत तिची मान बाटल्यांवर वाकलेली दिसत होती.

तेव्हापासनं मी भाकरी थापताना, पेंढा कापताना तेच धरून बसलेय. जिच्यासाठी केलं तीच म्हणते, मी नसतं केलं. तुमी असता तिथं, पोर कडेवर आहे, शंभर माणसं बघतायत, आणि ती बाई काही न मागता पातेलं उचलतेय, तर तुमी काय केलं असतं?